अनेक प्रोसेसरांसाठीच्या जीडीबीचा बिल्ड रोज आपोआप कसा तपासावा?

पेठकरी

नमस्कार मंडळी,

जीडीबीच्या (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या डीबगरच्या) आतल्या कोडवर काम केलेले काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेट विचारतो.

आमच्या गटाकडे एका ग्राहकाच्या प्रोसेसरसाठी जीडीबीत केलेल्या बदलांची पॅच-मालिका आहे. ती मूळ प्रकल्पाच्या ताज्या मास्टरवर (मुख्य शाखेवर) नियमित रिबेस होते, म्हणजे नव्याने बसवली जाते. बरेच पॅच आमच्या प्रोसेसरच्या फाइलींपुरते नाहीत. फ्रेम अनवाइंडर (कॉल स्टॅक उलगडणारा भाग), रिमोट प्रोटोकॉल, जीडीबीआर्कचे हुक (प्रत्येक आर्किटेक्चरने पुरवायची फंक्शनं) अशा सगळ्यांच्या सामाईक कोडला ते हात लावतात. आता हे पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवायचे आहेत. म्हणजे एआरएम, पॉवरपीसी, एस३९०, स्पार्क, एव्हीआर, एमएसपी४३० यांतलं काहीही आपल्यामुळे फुटता कामा नये. सध्या आमच्याकडे तपासलं जातं ते एक्स८६ होस्ट (जीडीबी ज्यावर चालतो ते मशीन) आणि आमचं एक टार्गेट (ज्याचा प्रोग्रॅम डीबग करायचा तो प्रोसेसर), बस.

जीडीबीच्या सोर्समध्येच 'जीडीबी_एमबिल्ड' नावाची शेल स्क्रिप्ट आहे. मेंटेनर्स फाइलीत प्रत्येक आर्किटेक्चरपुढे '--टार्गेट=' अशी नोंद असते. ती वाचून स्क्रिप्ट एकेका टार्गेटचा वेगळा बिल्ड करते आणि तयार झालेला जीडीबी चालवून 'मेंट प्रिंट आर्किटेक्चर' ही आज्ञा देऊन बघते. दुसरा रस्ता '--एनेबल-टार्गेट्स=ऑल' देऊन सगळी टार्गेटं पोटात घेतलेला एकच जीडीबी बांधायचा.

माझं मत पहिल्या बाजूला आहे, कारण लोक प्रत्यक्षात वेगवेगळेच बांधतात. पण मशीन रात्रभर त्यातच अडकतं. तुम्ही काय करता? आणि बिल्ड झाल्यावर पुढे किती तपासता?

अर्धशून्य

एकच 'ऑल' बिल्ड. वेगळ्या बिल्डांच्या नादाला लागू नका.

वेगवेगळे बांधताना वेळ जातो कुठे ते बघा. सिंबल रीडर, ड्वार्फ रीडर, एक्स्प्रेशन पार्सर, पायथनचा भाग हे सगळं प्रत्येक टार्गेटसाठी पुन्हा पुन्हा कंपाइल होतं. खरा फरक काय, तर 'टीडेप' नावाच्या, त्या त्या टार्गेटपुरता कोड असलेल्या मोजक्या फाइली आणि ऑपकोड्स-बीएफडी या लायब्ररींचा थोडा भाग. 'ऑल' दिलं की सामाईक कोड एकदाच कंपाइल होतो आणि टीडेप फाइली झाडून सगळ्या होतात. तुमच्या पॅचने एखाद्या हुकची सिग्नेचर बदलली आणि एफआर-व्ही या प्रोसेसरच्या टीडेप फाइलीत बदल करायचा राहिला, तर इथेच पकडला जाईल.

एक काळजी घ्या. होस्ट ३२ बिटचा असेल तर '--एनेबल-६४-बिट-बीएफडी' सोबत द्या. मेकफाइलमध्ये ६४ बिट टार्गेटांची यादी वेगळी आहे. हा पर्याय नसला की अल्फा, एआर्च६४ वगैरे गुपचूप वगळली जातात आणि आपल्याला वाटतं सगळं बांधलं.

जुनाखोड

अर्धशून्य, वेळेचं गणित तुमचं बरोबर आहे, पण 'नादाला लागू नका' हे मान्य नाही.

कोणत्या टार्गेटला कोणत्या ऑब्जेक्ट फाइली लागतात हे 'कॉन्फिगर.टीजीटी' मध्ये लिहिलेलं असतं. आता समजा कोणी एका प्रोसेसरच्या मूळ टीडेप फाइलीतून लिनक्स-टीडेपमधलं एखादं फंक्शन बोलावलं. त्याच प्रोसेसरचा लिनक्स बिल्ड छान होतो, कारण त्याच्या यादीत लिनक्स-टीडेप आहे. 'ऑल' बिल्डही छान होतो, कारण त्यात सगळंच आहे. पण त्याच प्रोसेसरचं '-एल्फ' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमविना चालणारं टार्गेट कोणी बांधायला घेतलं, की लिंक होताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. एकत्र कुटुंबात कोणाच्या डब्यात काय नाही ते कळत नाही, वेगळी चूल मांडली की कळतं.

हे पुस्तकी नाही. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे 'ऑल' हिरवा म्हणून रिलीज काढली गेली, आणि ग्राहकाने स्वतःच्या बेअर-मेटल टार्गेटसाठी बांधायला घेतल्यावर लिंकच होईना. दुरुस्ती यादीतल्या एका ओळीची होती. पण ती सापडेपर्यंत ग्राहकाचं काम थांबलेलं होतं आणि त्याचा विश्वास गेला तो गेलाच.

सांजवारा

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

रेवा_का

दोघांचंही बरोबर आहे. दोन बिल्ड दोन वेगळ्या चुका पकडतात. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, त्यामुळे निवड करायचीच नाही.

जुनाखोड यांनी वेगळ्या बिल्डची बाजू सांगितली, मी 'ऑल'ची सांगते. दोन टीडेप फाइलींमध्ये एकाच नावाचं स्ट्रक्चर असेल, उदाहरणार्थ दोघांनीही आपापल्या प्रोलॉग कॅशला सारखंच नाव दिलं, तर वेगळ्या बिल्डमध्ये कोणालाच काही कळत नाही. दोघं एका बायनरीत आले की सी++ च्या 'एका नावाची एकच व्याख्या' या नियमाचा भंग होतो. जीडीबी ७.१२ पासून, म्हणजे २०१६ पासून, सी++ म्हणून कंपाइल होतो, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. यात वाईट भाग हा की बिल्ड फुटेलच असं नाही. लिंकर दोनांतलं एक इनलाइन फंक्शन उचलतो आणि दुसऱ्या आर्किटेक्चरवर चुकीचा कन्स्ट्रक्टर चालतो. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) लावून '-डब्ल्यूओडीआर' वॉर्निंग चालू ठेवली तर हे दिसतं. मी हा बिल्ड आठवड्यातून एकदा लावते, कारण एलटीओला मेमरी फार लागते.

आता 'गुपचूप वगळणं' हा विषय निघालाच आहे तर अजून एक. जीडीबीत प्रत्येक मॉड्यूलचं '_इनिशियलाइझ_' ने सुरू होणारं एक फंक्शन असतं आणि ती सगळी बोलावणारी 'इनिट.सी' ही फाइल बिल्डच्या वेळी तयार होते. नवी टीडेप फाइल यादीत टाकायची राहिली तर तिचं इनिशियलाइझ फंक्शन 'इनिट.सी' मध्ये येतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. जीडीबी बांधला जातो, सुरू होतो, फक्त त्याला ते आर्किटेक्चर माहीत नसतं.

म्हणून बिल्ड संपला म्हणजे तपासणी संपली असं धरू नका. तयार जीडीबीला विचारा तुला काय काय येतं. 'कम्प्लीट सेट आर्किटेक्चर' अशी आज्ञा दिली (शेवटी एक स्पेस ठेवून) की ओळीला एक अशी पूर्ण यादी मिळते. ती यादी रिपॉझिटरीत ठेवा आणि रोज डिफ करा. एक ओळ कमी झाली की बिल्ड लाल.

पेठकरी

रेवाताई, हे फारच कामाचं. यादीचा डिफ डोक्यातच आला नव्हता.

खटपट्या

भाबडा प्रश्न: हे सगळं मूळ प्रकल्पाचा बिल्डबॉट (आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) करतोच ना? सोर्सवेअरचा बिल्डर आहे, निरनिराळ्या प्रोसेसरांच्या खऱ्या मशीनवर चालतो. आपण तेच पुन्हा कशाला?

अर्धशून्य

@खटपट्या, तो मुख्यतः मास्टरवर कमिट गेल्यानंतर चालतो. पेठकरींचे पॅच अजून बाहेर आहेत. ज्यांना रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार आहे त्यांना आपल्या नावाच्या 'ट्राय' ब्रँचवर पुश करून आधी तपासून घेता येतं, ती सोय उत्तम आहे. पण तो अधिकार मिळेपर्यंत आपलं आपणच बघायचं.

पाटील_आइंडहोवन

थोडा उशिरा आलो. सगळी चर्चा टार्गेटची चालली आहे, होस्टचं कोणी बोललं नाही. मला विचाराल तर खरी गळती तिथे आहे.

जीडीबीत 'टीडेप' फाइली कुठल्याही होस्टवर कंपाइल होतात. पण 'नॅट' फाइली, म्हणजे पीट्रेस वापरून त्याच मशीनवरची प्रोसेस डीबग करणारा कोड, त्या त्या होस्टवरच कंपाइल होतात. एक्स८६ मशीनवर तुम्ही '--एनेबल-टार्गेट्स=ऑल' द्या नाहीतर मेंटेनर्स फाइलीतलं प्रत्येक टार्गेट वेगळं बांधा, एआर्च६४-लिनक्स-नॅट, पीपीसी-लिनक्स-नॅट, एस३९०-लिनक्स-नॅट यांतली एक ओळसुद्धा कंपायलरच्या नजरेखालून जात नाही. जीडीबीसर्व्हरचंही (टार्गेट मशीनवर चालून दूरच्या जीडीबीशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचंही) तसंच, प्रत्येक प्रोसेसरची 'लो' फाइल वेगळी. तुमचे पॅच रिमोट प्रोटोकॉलला हात लावतात म्हणता, म्हणजे जीडीबीसर्व्हर तर आलाच.

उपाय अवघड नाही. डेबियनमध्ये बहुतेक प्रोसेसरांचे क्रॉस कंपायलर पॅकेज म्हणून मिळतात. '--होस्ट=एआर्च६४-लिनक्स-ग्नू' असं देऊन जीडीबी स्वतःच क्रॉस कंपाइल करायचा. लोक अडकतात ते लायब्ररींपाशी. जीडीबी ११ पासून जीएमपी आणि १४ पासून एमपीएफआर (मोठ्या आकड्यांचं गणित करणाऱ्या लायब्ररी) सक्तीची झाली, त्यामुळे या दोन्ही लायब्ररी त्या होस्टच्या हव्यात, आपल्या मशीनच्या नव्हेत. डेबियनच्या मल्टिआर्चमध्ये दुसऱ्या आर्किटेक्चरची पॅकेजं शेजारी बसवता येतात. तसं केलं की काम होतं. फक्त जीडीबीसर्व्हर हवा असेल तर या लायब्ररींची गरज नाही, तो पटकन होतो.

यात विंडोजचा मिंगडब्ल्यू होस्टही धरा. ६४ बिट विंडोजवर 'लाँग' ३२ बिटचाच असतो. 'लाँग'मध्ये पत्ता मावतो असं धरून लिहिलेला कोड लिनक्सवर वर्षानुवर्षं चालतो आणि तिथे तुटतो.

रेवा_का

+१. '-एम३२' चा, म्हणजे ३२ बिटचा, होस्ट बिल्डही याच कारणासाठी हवा. जीडीबीत पत्त्याचा प्रकार 'कोअर_अ‍ॅडर' सर्वसाधारणपणे ६४ बिटचा असतो. तो कोणी '%एलएक्स' ने छापला, तर ६४ बिट लिनक्सवर कंपायलरला काहीच खटकत नाही. ३२ बिट होस्टवर तीच ओळ '-डब्ल्यूएरर' मुळे (वॉर्निंगलाही एरर धरणारा पर्याय) बिल्ड फोडते. 'पीअ‍ॅड्रेस' किंवा 'हेक्स_स्ट्रिंग' वापरलं की प्रश्नच उरत नाही. परीक्षणात हे डोळ्यांनी पकडायला बसू नका, यंत्राचं काम यंत्राला द्या.

जुनाखोड

पाटील, नॅट फाइलींचा मुद्दा एकदम रास्त. मी जे बोललो त्याच्याही आधी हा यायला हवा होता.

पण होस्टचा एक प्रकार कंपाइल करून कळतच नाही, तो म्हणजे बिग-एंडियन, आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणारा. टार्गेटच्या मेमरीतून चार बाइट बफरमध्ये वाचले आणि सरळ 'मेमकॉपी' करून होस्टच्या इंटमध्ये टाकले. होस्ट एक्स८६, टार्गेट लिटल-एंडियन एआरएम, सगळं सुरळीत. तोच जीडीबी एस३९०एक्स (आयबीएमचं बिग-एंडियन मेनफ्रेम) वर चालवा, आकडा उलटा येतो. तिथे 'एक्स्ट्रॅक्ट_अनसाइन्ड_इंटिजर' वापरून टार्गेटचा बाइट-क्रम द्यायला हवा. कुठलीही वॉर्निंग हे सांगणार नाही, चालवूनच बघावं लागतं.

पेठकरी

एस३९०एक्स आमच्याकडे कुठून येणार? क्यूईएमयू या एम्युलेटरने भागेल का?

पाटील_आइंडहोवन

भागेल, पण मर्यादा समजून घ्या. क्यूईएमयूचे दोन प्रकार. 'यूझर मोड'मध्ये दुसऱ्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम आपल्याच कर्नलवर चालतो. त्यात पीट्रेस नाही. म्हणजे एस३९०एक्सच्या डेबियन क्रूटमध्ये (वेगळ्या रूट डिरेक्टरीत बसवलेल्या डेबियनमध्ये) तुम्ही जीडीबी बांधू शकता, सुरू करू शकता, पण 'रन' म्हटलं की संपलं. पूर्ण मशीन उभं करणारा 'सिस्टीम मोड' घेतला तर पीट्रेस चालतं, मात्र तो संथ आहे.

तरीही यूझर मोड टाकाऊ समजू नका. ज्या तपासण्यांना प्रोसेस चालवावी लागत नाही त्या सगळ्या तिथे होतात, आणि जुनाखोड म्हणतात ती बाइट-क्रमाची चूक त्यातल्या अनेक तपासण्यांत सापडते. त्यातली सगळ्यात मोलाची 'मेंट सेल्फटेस्ट'. जीडीबीच्या पोटातल्या युनिट टेस्ट त्यातून चालतात, आणि काही टेस्ट 'प्रत्येक आर्किटेक्चरसाठी' म्हणून नोंदवलेल्या असतात. डिसअसेंब्लरचीच बघा. ती प्रत्येक आर्किटेक्चरचा ब्रेकपॉइंट इन्स्ट्रक्शन घेते, बफरमध्ये ठेवते आणि डिसअसेंबल करून लांबी जुळते का ते बघते. 'ऑल' बिल्डवर ही एक आज्ञा दिली की झाडून सगळी आर्किटेक्चरं हलवून बघितली जातात. ना बोर्ड लागत, ना सिम्युलेटर.

खरी मशीन हवीच असतील तर जीसीसी कंपाइल फार्म आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना तिथे विनामूल्य खातं मिळतं. पॉवर, स्पार्क, एआरएम, रिस्क-व्ही अशी मशीन एसएसएचने वापरता येतात. पेठकरी, तुमचे पॅच मूळ प्रकल्पासाठी आहेत, अर्ज करून टाका. तिथे ग्राहकाचा बंद कोड मात्र नेऊ नका, ती जागा त्यासाठी नाही.

वैदर्भी

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिस्क-व्हीवर प्रोजेक्ट चालू आहे (आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरवरून विषय सुचला), त्यामुळे जीडीबीत डोकवायला लागले. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. 'ऑल' बिल्ड करताना शेवटी शेवटी लॅपटॉप गोठतो. तुम्ही सगळे सर्व्हरवर करता का?

अर्धशून्य

वैदर्भी, लॅपटॉपवरही होतो, घाबरू नका.

सी++ च्या मोठ्या फाइली एकाच वेळी अनेक कंपाइल व्हायला लागल्या की मेमरी संपते. '-जे' चा (एकाच वेळी किती कामं चालवायची तो) आकडा कोअरच्या संख्येवर ठरवू नका, मेमरीवर ठरवा. ८ जीबीत '-जे२' ने सुरुवात करा. बिनयूटिल्स आणि जीडीबी एकाच रिपॉझिटरीत आहेत, त्यामुळे नुसतं 'मेक' दिलं तर लिंकर, असेंब्लर, जीप्रॉफ सगळंच बांधायला घेतो. 'मेक ऑल-जीडीबी' द्या. डीबग माहितीमुळे लिंक करताना मेमरी फुगते, ती '-जी०' ने घटते. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन) लावा, दुसऱ्या खेपेला चहा होईस्तोवर काम आटपतं.

बिल्ड नेहमी सोर्सबाहेरच्या वेगळ्या डिरेक्टरीत करा. आणि इन्स्टॉल न करता जीडीबी चालवणार असाल तर '--डेटा-डिरेक्टरी=डेटा-डिरेक्टरी' द्यायचं, नाहीतर पायथन मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार येते आणि नवीन माणूस उगाच पायथनमागे लागतो.

रेवा_का

एक भर: पळवाट म्हणून '-ओ०' ने बांधलं तर काही वॉर्निंग येतच नाहीत. 'मे-बी-अनइनिशियलाइज्ड' ही वॉर्निंग ऑप्टिमायझर चालल्यावरच नीट कळते. रोजच्या कामाला '-ओ०' ठीक, पण पॅच पाठवायच्या आधी एक बिल्ड '-ओ२' आणि '-डब्ल्यूएरर' लावून हवाच. जमल्यास जीसीसी आणि क्लँग दोन्हींनी, कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी खटकतात.

वैदर्भी, मास्टरवर रिस्क-व्हीचं 'सेल्फटेस्ट' चालवून बघ आणि काय निघतं ते इथे लिही. आम्हाला आवडेल.

माहीमकर

अवांतर आहे, पण पुण्याबद्दल एक सांगून ठेवतो. जीडीबी, जीसीसी या गोष्टी पुण्याला नव्या नाहीत. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने रेनेसासच्या एसएच, एच८, आरएक्स या प्रोसेसरांसाठी ग्नू टूलचेन बांधून मोफत दिली होती. जगभरचे एम्बेडेडवाले ती उतरवून घ्यायचे. ही साधनं पुण्यात बांधून तपासली जात होती हे आज एम्बेडेडमध्ये येणाऱ्या मुलांना माहीत नसतं, माहीत असायला हवं.

खटपट्या

माहीमकर, हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण यावरून प्रश्न पडतो. एच८ आज कोण वापरतं? ज्याचा एकही वापरकर्ता उरला नाही अशा आर्किटेक्चरचा बिल्ड रोज तपासण्यात वीज कशाला घालवायची? यादी आवळली तर पेठकरींची रात्र वाचेल.

जुनाखोड

कोण वापरतं हे बिल्ड करणाऱ्याला दिसत नाही. कारखान्यातली यंत्रं, लिफ्टचे कंट्रोलर, वैद्यकीय उपकरणं वीस-वीस वर्षं चालतात. त्यांची देखभाल करणारा माणूस मेलिंग लिस्टवर येऊन हजेरी लावत नाही. त्याला एक दिवस जीडीबी लागतो, आणि त्या दिवशी तो चालायला हवा.

काढायचंच असेल तर प्रकल्पाने जाहीर करून, मुदत देऊन काढावं. सेल प्रोसेसरच्या एसपीयूचा आधार जीडीबी ९ मध्ये, २०२० साली, असाच रीतसर काढला. लिनक्सने आयए-६४ काढलं ते ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला, तेही चर्चा करून. पण जोवर नाव यादीत आहे तोवर ते बांधलं गेलंच पाहिजे. यादीत नाव आणि बिल्ड फुटलेला, हे वापरणाऱ्याला खोटं सांगण्यासारखं आहे.

पाटील_आइंडहोवन

जुनाखोड यांच्याशी पूर्ण सहमत. शिवाय विजेचा हिशोब पाहिला तर खर्च अशा जुन्या टार्गेटांवर होत नाही. सीकॅश असेल तर प्रत्येक नव्या टार्गेटचा जादा भार थोडाच असतो. खर्च होतो टेस्टसूटवर.

सांजवारा

टेस्टसूटवर आलाच आहात तर मी लिहिते. मी जीडीबीच्या कोडवर नाही, पण त्याच्या टेस्ट चालवण्याचं काम मोठ्या काळापासून करते आहे.

जीडीबीच्या टेस्ट डेजाग्नूवर चालतात, म्हणजे एक्स्पेक्ट आणि टीसीएल. 'मेक चेक' संपल्यावर 'जीडीबी.सम' फाइलीत प्रत्येक टेस्टपुढे पास, फेल, एक्सफेल (अपेक्षित अपयश), केफेल (आधीच माहीत असलेली चूक), अनटेस्टेड, अनसपोर्टेड असा शेरा असतो. नवीन टीम पहिली मागणी करते ती 'शून्य फेल' ची. अनेक आर्किटेक्चरांवर हे होणार नाही. ही अट घातली की लोक टेस्ट बंद करत सुटतात, आणि मग त्या टेस्टसूटला अर्थ राहत नाही. तुलना कालच्या निकालाशी करा. काल पास होती आणि आज फेल आहे, अशी प्रत्येक टेस्ट म्हणजे बातमी. काल पास होती आणि आज यादीतच नाही, ही त्याहून मोठी बातमी, कारण मधेच टीसीएलची एरर येऊन उरलेली अख्खी फाइल वगळली गेलेली असू शकते.

अशा तुलनेला टेस्टची नावं स्थिर लागतात. नावात बिल्ड डिरेक्टरीचा पाथ आला, किंवा दोन टेस्टना एकच नाव असलं, की डिफमध्ये कचरा येतो. म्हणूनच जीडीबीचा टेस्टसूट 'पाथ' आणि 'डुप्लिकेट' असे वेगळे आकडे शेवटी दाखवतो. तुमच्या नव्या टेस्टमध्ये हे दोन्ही शून्य ठेवा.

लहरी टेस्ट हा दुसरा त्रास. कधी पास, कधी फेल. बऱ्याचदा कारण हे असतं की एक्स्पेक्टला जीडीबीचं उत्तर एका घासात मिळतं की तुकड्यांत, यावर निकाल ठरतो. 'मेक चेक-रीड१' दिलं की वाचन एकेका बाइटने होतं आणि अशा टेस्ट लगेच उघड्या पडतात. 'रेसी_आयटर' देऊन तोच संच अनेकदा चालवून लहरी टेस्टांची वेगळी फाइलही मिळते. ही सफाई आधी करा. एका लहरी टेस्टमुळे रोज चुकीची मेल जायला लागली की लोक खरी मेलही उघडत नाहीत. हे मी जवळून बघितलं आहे आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या टेस्ट लिहिणाऱ्यांनी जीव ओतलेला असतो.

आणि पेठकरींच्या कामाशी थेट संबंधित: 'ऑल-आर्किटेक्चर्स' नावाच्या टेस्ट 'जीडीबी.बेस' मध्ये आहेत. पॅरलल चालाव्यात म्हणून तुकडे केले आहेत. प्रत्येक आर्किटेक्चर, ओएस एबीआय आणि एंडियन अशा जोड्या लावून त्या जीडीबीला साध्या आज्ञा देतात आणि इंटर्नल एरर येते का ते बघतात. 'ऑल' बिल्डवर या चालवा. बोर्ड लागत नाही.

अर्धशून्य

सांजवारा, तुम्ही नुसतं 'वाचतेय' लिहून बसला होता! हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे.

पेठकरी

खरंच, सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत बदललं आहे, ते सांगतो.

प्रत्येक पॅचवर: 'ऑल' बिल्ड '-ओ२ -डब्ल्यूएरर' ने, मग आर्किटेक्चर यादीचा डिफ, 'मेंट सेल्फटेस्ट' आणि सांजवारा म्हणतात त्या टेस्ट. शिवाय '-एम३२' होस्ट आणि एआर्च६४ होस्टचा क्रॉस बिल्ड, नॅट फाइलींसाठी. रात्री: जीडीबी_एमबिल्डने वेगवेगळी टार्गेटं, एक फुटलं तरी पुढे जाणारा '-के' पर्याय लावून. आठवड्याला एलटीओ आणि एस३९०एक्स क्रूट. बोर्ड फक्त आमच्या प्रोसेसरचा.

दोन शंका. रात्री बिल्ड फुटला तर कोणत्या कमिटने फोडला हे आपोआप शोधता येईल का? आणि जीडीबी_एमबिल्ड मेंटेनर्स फाइलीवर विसंबतो, तेवढं पुरेसं आहे का?

रेवा_का

पहिल्याला 'गिट बायसेक्ट रन'. स्क्रिप्टने शून्य दिलं तर चांगलं, एक दिलं तर वाईट. पण तिसरा आकडा विसरू नका: १२५. मधल्या एखाद्या कमिटवर भलत्याच कारणाने बिल्ड होत नसेल, तर १२५ देऊन ते वगळायला सांगायचं, नाहीतर बोट निरपराध कमिटवर जातं. म्हणून स्क्रिप्टमध्ये नुसतं 'मेक फुटलं का' बघू नका, तुमचीच एरर लॉगमध्ये आहे का ते शोधा.

चालवून बघायची पायरी असेल तर 'मेंट सेट इंटर्नल-एरर क्विट येस' आणि 'कोअरफाइल नो' आधी द्या, म्हणजे जीडीबी प्रश्न विचारत बसणार नाही आणि डिस्क कोअर फाइलींनी भरणार नाही.

जुनाखोड

दुसऱ्या शंकेबद्दल: पुरेसं नाही. मेंटेनर्स फाइलीत एका आर्किटेक्चरला बहुतेक ठिकाणी एकच टार्गेट दिलेलं असतं आणि ते बऱ्याचदा '-एल्फ' असतं. 'कॉन्फिगर.टीजीटी' उघडा. एकाच प्रोसेसरच्या पोटात लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, बेअर-मेटल अशा वेगवेगळ्या शाखा आहेत आणि प्रत्येकीची ऑब्जेक्ट-यादी वेगळी. लिंकची चूक या शाखांच्या फरकातच राहते. म्हणून टार्गेटांची यादी तिथून काढा, प्रत्येक शाखेला निदान एक नाव येईल अशी. हे हातानेच करावं लागेल, कारण तिथले पॅटर्न ताऱ्यांनी भरलेले आहेत आणि कॉन्फिगरला पूर्ण नाव लागतं.

यादी झाली की इथे टाका. एसएच आणि एच८ च्या शाखा मी तपासून देतो.

वैदर्भी

'-जे२' आणि '-जी०' ने 'ऑल' बिल्ड झाला! सेल्फटेस्ट आत्ता चालू आहे. पेठकरी सर, यादीतल्या रिस्क-व्हीच्या शाखा मी बघू का?

पेठकरी

नक्की बघा. लिनक्स, फ्रीबीएसडी आणि एल्फ तिन्ही घ्या. यादीचा पहिला खर्डा उद्या रात्री इथे टाकतो.